दारात आडवी फांदी

फोन आला तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. समोर गिऱ्हाईक उभं होतं, सासूचा कोट सुनेच्या मापाला आणायचा होता आणि मी तिच्या खांद्याची शिवण चिमटीत धरली होती. ओठांत टाचण्या असताना माणूस जेवढं बोलू शकतं तेवढंच मी बोलले, म्हणजे "हं." पलीकडून तरुण आवाज म्हणाला, "तुमच्या माश्या परत आल्यात." मी पुन्हा "हं" म्हटलं. "गच्चीतल्या भिंतीला लटकल्यात. पेटी होती ना, तिथेच. पेटी नाहीये, पण त्या आल्यात." माझ्या चिमटीतून शिवण सुटली आणि सुनेचा खांदा पुन्हा सासूचा झाला.

फोन करणारी मुलगी म्हणजे वन्संच्या जागेतली नवी भाडेकरीण, आणि वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. वन्सं हा शब्द माझं लग्न झालं तेव्हाही जुनाट झालेला होता. मी तो थट्टेनं सुरू केला, त्यांनी उलट मला वहिनीसाहेब म्हणायला घेतलं, आणि पुढे थट्टा झिजून गेली, शब्द तेवढे उरले. त्या एकट्या राहायच्या, बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. धाकटा भाऊ लिफ्टचा मेकॅनिक, तो जन्मभर दुसऱ्यांच्या बहिणींना वर पोचवणार आणि स्वतःच्या बहिणीकडे धापा टाकत चढणार, यावर त्या एवढ्या हसायच्या की खोकला यायचा. गच्चीत त्यांनी मधमाश्यांची एक पेटी पाळली होती. उन्हाळ्याच्या तोंडाला, पेटीशेजारच्या बुटक्या स्टुलावर बसल्या बसल्या त्या गेल्या. माशी चावून नव्हे, हे लोकांना आधी सांगावं लागतं, नाहीतर ते पुढचं ऐकतच नाहीत. हृदय थांबलं. कामावरून येताना हे रोज तिथे चहाला थांबायचे, त्या दिवशीही गेले, आणि जे बघायचं ते यांनीच पहिलं बघितलं. तेव्हापासून त्या इमारतीचं नाव यांच्या तोंडून आलं नाही. पेटीचं काय करायचं विचारलं तर म्हणाले, "विकून टाक नाहीतर तू बघ." मी बघितलं. माझ्यासारख्या शिवणाऱ्या बाईला कुणी काही शिकवत नाही, ती उसवून उसवून शिकते. मी तशीच शिकले, वन्संशेजारी उभं राहून त्यांना टोमणे मारता मारता.

उन्हाळाभर मी त्या रिकाम्या घरात जात राहिले. मध काढून झाला, दिवस लहान व्हायला लागले आणि घरमालकानं जागा भाड्यानं दिली, तेव्हा पेटी हलवणं आलंच. या दिवसांत पेटीचं काम म्हणजे आवराआवर असते. पेटीला मागून हात घालून किंचित उचलून बघायचं, म्हणजे आत खायला किती आहे ते मनगटाला कळतं. हलकी लागली तर साखरेचा घट्ट पाक ठेवायचा. दारावर लाकडाची पट्टी ठोकून दार दोन बोटांवर आणायचं, उंदीर शिरू नयेत म्हणून. आणि दारात बसून बघायचं की कामकरी माश्या नरांना पंखाला धरून कशा बाहेर ओढतात. ते धष्टपुष्ट नर पुन्हा आत यायला बघतात, त्या पुन्हा ओढतात. वन्सं म्हणायच्या, "बघा वहिनीसाहेब, वर्षभर आयतं खाल्लं, आता थंडीचा शिधा कोण देणार?" मी म्हणायची, "तुमच्या भावाला सांगू का हे?" त्या म्हणायच्या, "त्याला कशाला, तो तर पट्टीखालूनसुद्धा आत येईल." मग त्या गुणगुणायच्या, घशातल्या घशात, चाल नसलेलं काहीतरी, आणि पेटीतून येणारा आवाज कुठला आणि त्यांचा कुठला ते मला कधी वेगळं काढता आलं नाही.

आमचं घर तिथून फारसं लांब नाही, आणि तीच अडचण होती. पेटी हातभर सरकवली तर चालतं, किंवा थेट दुसऱ्या गावाला नेली तर चालतं. मधल्या अंतरावर नेली तर माशी बाहेर पडते, ओळखीची झाडं, ओळखीची छपरं दिसतात, आणि ती जुन्या वाटेनं जुन्या जागी जाते. तिला घर कुठे हलवलंय ते माहीत नसतं, घर कुठे होतं ते माहीत असतं. यावर वन्संचा उपाय होता. पेटी नव्या जागी ठेवली की दारात पानांची फांदी आडवी टाकायची, चांगली दाट. बाहेर पडताना माशी अडखळते, पानांतून वाट काढते, काहीतरी बदललंय हे तिच्या लक्षात येतं. मग ती उडून जात नाही, हवेतच मागे वळते, दाराकडे तोंड करून झुलते आणि जागा नव्यानं पाठ करते. मी फांदी टाकली होती. संध्याकाळी गाडीवाल्याच्या मदतीनं पेटी आणून घरामागच्या चिंचोळ्या जागेत ठेवली आणि दारात फांदी घातली. सकाळी चहा घेऊन बघायला गेले तर त्या पानांत गुरफटत होत्या. एक पाठीवर पडून पाय झाडत होती. एक पानाच्या टोकापर्यंत चढायची आणि घसरून पुन्हा देठाशी यायची. आधीच परक्या जागी आणून टाकलेल्या, त्यात दारात हा कचरा. मला त्यांची दया आली. मी फांदी उचलली, कुंपणापलीकडे टाकली आणि दारासमोरची फरशी झाडूनसुद्धा घेतली. त्या सरळ रेषेत सुसाट निघून गेल्या. एकीनंही मागे वळून बघितलं नाही, आणि मी उभी राहून समाधानानं चहा प्याले.

फोन आला त्या संध्याकाळी मी दुकान लवकर बंद केलं आणि वन्संची जाळीची टोपी पिशवीत घालून तिकडे गेले. जाळी मीच शिवून दिली होती, एका जुन्या पडद्याची. टाके माझे, पण वास त्यांचा, धुराचा आणि डोक्याला लावायच्या तेलाचा. आतल्या शिवणीत त्यांचा एक पांढरा केस अडकलाय, तो मी काढलेला नाही. भाडेकरणीनं दार उघडलं. ही मुलगी कवळ्या करते, दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि ती घरी बसून दात बसवते. वन्संच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत आता जबड्यांची रांग वाळत होती, गुलाबी, निरनिराळ्या मापांचे, सगळे थोडे थोडे हसणारे. "चहा घेणार?" ती म्हणाली. जबड्यांकडे बघून मी नको म्हटलं. "त्या चावत नाहीत," ती म्हणाली. मला वाटलं माश्यांबद्दल बोलतेय.

गच्चीत भिंतीवर पेटीच्या मापाचा एक फिकट चौकोन होता, बाकीची भिंत पावसापाण्यानं काळवंडलेली. चौकोनाच्या खालच्या कडेला माश्यांचा मूठभर घोस लोंबत होता, कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा. पण मी थबकले ती त्याला बघून नव्हे. बाकीच्या अजून उडत होत्या, आणि त्या कशातही शिरत नव्हत्या. गुडघ्याच्या उंचीवर, जिथे पेटीचं दार होतं नेमक्या तिथे, हवेत एका ठिकाणी त्या यायच्या, पाय पुढे करायच्या, उतरायला जायच्या आणि खाली काहीच नसल्यामुळे पुन्हा वर उठायच्या. पुन्हा यायच्या. दार दिसत नव्हतं, पण त्यांच्या येण्यावरून त्याची रुंदी कळत होती, उंबरठा कळत होता. मला वाटलं हात पुढे केला तर लाकूड लागेल. मी हात केला नाही. घोसातून बारीक आवाज येत होता, घशातल्या घशात, चाल नसलेला. आणि एक गोष्ट मला तिथे उभं असताना सुचली आणि मग गेलीच नाही. उन्हाळ्यात माशी जेमतेम दीड महिना जगते. म्हणजे या सगळ्या वन्सं गेल्यानंतर जन्मलेल्या. यांच्यातल्या एकीनंही त्यांना बघितलेलं नाही. तरी यांना ही भिंत सोडवत नव्हती. जाळी चढवून मी वळले तर गच्चीच्या काचेच्या दारात वन्सं उभ्या होत्या, त्यांचे खांदे, त्यांचं ते मान वाकडी करून बघणं. मग काचेतल्या बाईनं माझ्यासारखा हात वर केला. काचेपलीकडे मुलीच्या हातून चमचा पडला. ती म्हणाली, "मालकांनी सांगितलं होतं, आधीच्या बाई इथे... म्हणून मला एकदम." मी म्हटलं, "मलाही."

आणलेलं रिकामं खोकं मी चौकोनासमोर विटांवर ठेवलं, आत जुन्या पोळ्याची एक चौकट. अंधारायला लागलं तशा त्या एकेक करून आत गेल्या, तो आत जाण्याचा आवाज सुटकेच्या श्वासासारखा असतो. खोकं फडक्यात बांधून मी बसमध्ये मांडीवर घेतलं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "केक वाटतं?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "गरम दिसतोय." खोकं खरंच गरम होतं. घरी येऊन त्यांना पेटीत झटकलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पुन्हा तिकडे गेल्या. मग मी रोज संध्याकाळी जायला लागले. भिंतीवरचा घोस दरवेळी लहान होत गेला. काही नवी जागा शिकत होत्या आणि काही वाटेत गारठून पडत होत्या, आणि कोणत्या कुठे गेल्या ते मला कळायला मार्ग नव्हता. पेटी मागून उचलली की हलकी लागायची. थंडीत पोळ्यातल्या माश्या एकमेकींना बिलगून मूठ करतात, मधोमध राणी. मूठ लहान झाली की ऊब पुरत नाही, आणि मग खायला भरपूर असलं तरी सगळी पेटी एका रात्रीत संपते. वन्संची पेटी माझ्या दयेमुळे संपणार, एवढंच मला दिसत होतं.

मुलगी सोशिक होती, पण तिलाही मर्यादा होती. तिसऱ्या की चौथ्या खेपेला म्हणाली, "मावशी, राग मानू नका. रविवारी माझी आई यायचीय, तिला माशी चावली की सूज येते. तोवर नाही गेल्या तर मी फवारणीवाल्याला बोलावते." मी म्हटलं, रविवारच्या आत नेते. ती खरवडणीनं एक सुळा घासत होती. खाली बघतच म्हणाली, "आणि ते तुमचे दुसरे, त्यांना वर यायला सांगा ना. ते नुसते खालीच थांबतात."

"कोण दुसरे?"

"माश्यांचेच ना ते? साधारण याच वेळी येतात. तिसऱ्या मजल्याच्या वर, जिना वळतो तिथे बसतात. हातात कामाची पेटी असते. मला वाटलं तुमच्या बरोबरचे."

"माझ्याबरोबर कुणी नसतं."

"मग काल कोण होतं?" ती म्हणाली. "परवाही होते. तुम्ही येण्याच्या जरा आधी जातात. मी आले राहायला तेव्हापासून बघते. एकदा पाणी हवंय का विचारलं तर म्हणाले, नको, चहा झालाय."

हे उन्हाळ्यापासून उशिरा घरी यायचे. जास्तीचं काम निघतं, म्हणायचे. लिफ्ट काय कधीही बंद पडतात, त्यामुळे ते खोटं वाटायचं कारण नव्हतं, आणि मी दोन-चार वेळा बायकांना जे वाटतं ते वाटून घेतलं होतं, यांच्या शर्टाचा वास घेऊन बघितला होता, ग्रीसशिवाय काही लागलं नव्हतं. बाई असती तर बरं झालं असतं, असं त्या जबड्यांसमोर मला एक क्षण वाटलं. बाईशी भांडता येतं. जिन्याच्या वळणाशी काय भांडणार? तिथे हे नेहमी दम खायला थांबायचे, आणि वरून वन्सं ओरडायच्या, "बाळ्या, दोरी सोडू का खाली?" पन्नाशी उलटलेल्या माणसाला बाळ्या. त्या रात्री जेवताना मी यांच्याकडे बघत होते. यांनी विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही, दाढी राहिलीय उजवीकडे." हे हात फिरवून म्हणाले, "राहू दे." आमच्या घरातली सगळी मोठी बोलणी अशीच होतात.

शनिवारी सकाळी वारा फिरला. खिडकी उघडल्यावर थंडी चेहऱ्याला लागली आणि मला कळलं की आज ज्या बाहेर राहतील त्या उद्या दिसणार नाहीत. आदल्या रात्री त्या पेटीत असतानाच मी दार जाळीनं बंद करून ठेवलं होतं. आता मी कुंपणापलीकडे जाऊन एक फांदी तोडून आणली, आधीच्यापेक्षा दाट, आणि दारावर अशी दाबून बसवली की पानांतून दार दिसेना. दुपारी ऊन आलं तेव्हा जाळी काढली आणि शेजारी बसले, वन्संच्या स्टुलावर. ते बुटकं स्टूल मी तिथून आणलं होतं आणि यांच्या नजरेला पडू नये म्हणून मागे लपवलं होतं. माश्या आल्या. गुरफटल्या. एक पाठीवर पडली आणि पाय झाडायला लागली, बहुतेक सगळ्या पाठीवर पडलेल्या माश्या तशाच दिसतात पण मला ती तीच वाटली. माझा हात दोनदा पुढे गेला. दोन्ही वेळा मी तो मांडीखाली घेऊन त्याच्यावर बसले. चहा निवला. मग एकीनं पानाचं टोक गाठलं, उडाली, आणि हातभर गेल्यावर हवेतच थांबली. वळली. दाराकडे तोंड करून झुलू लागली, डावीकडे, उजवीकडे, थोडी मागे, आणखी मागे, एखाद्याचा चेहरा लक्षात ठेवायचा असावा तशी. तिच्यामागे दुसरी. घरामागची ती चिंचोळी जागा वळून बघणाऱ्या माश्यांनी भरून गेली.

तरी संध्याकाळी मी जाळी घालून गच्चीत गेलेच. चौकोनासमोरची हवा रिकामी होती. भिंतीला मुळी काही नव्हतं. खाली फरशीवर काही माश्या पडल्या होत्या, त्या मी वाकून वेचल्या, त्यांत एकही हलली नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण आता तिथे दार कुठे होतं ते दाखवणारं कुणी उरलं नव्हतं, आणि वन्सं दुसऱ्यांदा गेल्या. मुलीनं दारापर्यंत सोडलं, म्हणाली, "आलात तरी चालेल हं, माश्यांशिवाय." रिकामं खोकं घेऊन मी जिना उतरायला लागले. जाळी काढायची राहूनच गेली. जिन्यातला दिवा गेलेला होता, वळणाच्या खिडकीतून थोडा उजेड येत होता, आणि त्या उजेडात पायरीवर हे बसले होते. गुडघ्यांवर कोपरं, बाजूला हत्यारांची पेटी. पायांचा आवाज ऐकून यांनी वर बघितलं.

"ताई," हे म्हणाले.

विचारल्यासारखं नव्हे. रोज घरी आल्यावर मला हाक मारतात तसं, काही न ठरवता. मी दोन पायऱ्या वर उभी होते, जाळीच्या आत, वन्संच्या वासात, त्यांच्या केसाशेजारी. काढायला हवी होती लगेच. मी जराशी थांबले. जेवढं थांबणं शक्य होतं तेवढं यांना दिलं. मग म्हटलं, "मी आहे."

"हो," हे म्हणाले. "माहितीये." मग म्हणाले, "वर जावंसं वाटतं. इथपर्यंत येतो, आणि मग वाटतं, वर गेलो तर नसेल."

मी यांच्या शेजारी बसले. वरच्या मजल्यावर मुलीची खरवडणी चालू झाली. हे म्हणाले, "हा कसला आवाज?" मी म्हटलं, "दात करतात." यांनी मान हलवली, जणू हे ठीकच आहे, कुणीतरी दात करायलाच हवेत. उठताना यांनी खोकं माझ्या हातून घेतलं. "रिकामं आहे?" "रिकामं." "मग एवढं जड कसं?" बसमध्ये खोकं यांच्या मांडीवर होतं आणि घर येईपर्यंत हे दोन्ही हातांनी ते धरून बसले होते.

रविवारीही यांना कामावर जायचं होतं, कुठलीतरी लिफ्ट अडकली होती. मी लवकर उठले. मागे जाऊन बघितलं, पेटीच्या दारातली फांदी वाऱ्यानं किंचित सरकली होती, ती नीट दाबली. मग बुटकं स्टूल उचललं, घरात आणलं आणि आमच्या पुढच्या दारात, उंबरठ्याला लागून आडवं ठेवलं. हे हत्यारांची पेटी घेऊन नेहमीसारखे घाईनं निघाले, समोर न बघता, कारण गेली कित्येक वर्षं या दारात काही नसतं. नडगी स्टुलाला लागली. पेटीतली हत्यारं खणखणली. हे भिंतीला धरून सावरले, स्टूल ओलांडून बाहेर गेले, आणि पायरीवर थांबून वळले. आधी स्टुलाकडे बघितलं. ओळखलं, ते मला खांद्यांवरून कळलं. मग दाराकडे बघितलं, चौकटीकडे, चपलांकडे, आत शिवणयंत्रावर पडलेल्या सुनेच्या कोटाकडे, आणि मग माझ्याकडे. असे उभे हे पूर्वी कधी राहिले नव्हते. थंडीत कान लाल होत होते.

"हे इथे का ठेवलंस?" शेवटी म्हणाले. "रोज लागेल पायाला."

"लागू दे," मी म्हटलं.

हे तरीही गेले नाहीत. एक पाऊल मागे सरकून पुन्हा बघत राहिले. माझा हात स्टुलाकडे जात होता, मी तो पदरात गुंडाळून धरला.